आग्याचं पथ्य

गोजरबाईंनी पुडी हातात घेतली, नाकाशी नेली, बोटांनी दाबून पाहिली आणि विचारलं, "पथ्य काय, अण्णा?"

"पथ्य काही नाही. सगळं खायचं."

गोजरबाईंनी पुडी परत ओट्यावर ठेवली. रागावून नव्हे, बाजारात नासकं वांगं हाताला लागलं की बाई ते जसं खाली ठेवते, तशी. "मग नको," त्या म्हणाल्या. "पथ्य नाय ते औषध कसलं? माझे गुडगे काय खेळण्यातले हायेत?"

आणि त्याच गुडघ्यांवर हात देत त्या समोरच्या आपल्या घरी निघून गेल्या.

आत अण्णांची मुलगी काशी शाळेतले निबंध तपासत बसली होती. तिला हसू आलं आणि लगेच ते ओसरलं. नेमकं असंच वागलेलं एक माणूस तिनं आधी पाहिलं होतं. तिची आई.

दोन वर्षांपूर्वी आईच्या पायांवर सूज चढली. दोन पावलं चालली की तिला धाप लागायची. उल्हासनगरच्या कॅम्पात डॉक्टर हिंगोरानी म्हणून होते. फाळणीनंतर शिकारपूर सोडून आलेले. बराकीतल्या एका खोलीत गोणपाटाचा पडदा लावून त्यांनी दवाखाना थाटला होता. त्यांनी आईला तपासलं, हृदय थकलं आहे म्हणाले आणि बारीक गोळ्या दिल्या. आईनं विचारलं, पथ्य काय? डॉक्टर भला माणूस. आजारी बाईच्या तोंडचा घास कशाला काढा, म्हणून मऊ आवाजात म्हणाले, "सब खावो, माई. नमक जरा कम."

परतीच्या वाटेवर आईनं अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी आईकडे. निकाल तिथंच लागला. जो डॉक्टर आंबट सोडायला सांगत नाही, वांगं सोडायला सांगत नाही, त्याला रोग कळला आहे यावर विश्वास कसा ठेवायचा? गोळ्या कोनाड्यात राहिल्या. पौषात आई गेली. डॉक्टरानं मारली, असं अण्णांनी ठरवून टाकलं. काशीनं काही ठरवलं नाही. ती शाळेत शिकवायला जात राहिली, वाचनालयातून पुस्तकं आणत राहिली. गोळ्यांची बाटली तिनं पुढे केव्हातरी धुतली. आता तिच्यात जिरं असे.

अण्णा म्हणजे श्रीपादराव टिपणीस. अंबरनाथच्या एका कारखान्यात हजेरी कारकून म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. कोण आला, कोण उशिरा आला, कोण आलाच नाही, हे पाहण्यात जन्म गेलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर घरात पाहायला फक्त एक मुलगी होती, आणि ती वेळेवर येई. त्यामुळे ते फार कंटाळले होते. त्यातच श्रावणात आग्या भेटला.

भेटला म्हणजे अक्षरशः अंगावर आला. बदलापूरजवळच्या चामटोलीच्या पलीकडे टेकडीला फिरायला गेलेले अण्णा ओल्या बांधावरून घसरले आणि दोन्ही गुडघे टेकून आग्याच्या झुडपात पडले. आग्याच्या पानाला काचेच्या कुसळांसारखी लव असते. ती टोचली की विंचू डसावा तशी आग होते. धोतर वर खोचलेलं होतं, म्हणजे झुडपाला काहीच अडचण पडली नाही. डोक्यावर मोळी घेऊन चाललेली चंद्री नावाची ठाकरीण ते पाहून इतकी हसली, की तिला मोळी खाली ठेवावी लागली.

दिवसभर अण्णा कण्हत होते. दुसऱ्या दिवशी पाटावरून उठताना मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की आपण रोजच्यासारखं 'आई गं' म्हटलं नाही. पुन्हा बसून पाहिलं, पुन्हा उठून पाहिलं. गुडघे गप्प होते.

काशीनं वाचनालयातून वनस्पतींवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि त्यातलं वाचून दाखवलं. विलायतेतले गरीब लोक याच्या जातीच्या झाडाचे कोवळे शेंडे उकडून खातात. शिजवलं किंवा वाळवलं की आग जाते. सांधे धरलेले म्हातारे ताज्या पानांचे फटके मारून घेतात. काढ्यानं लघवी साफ होते.

"विलायतेतही?" अण्णांनी विचारलं.

"विलायतेतही."

पुढे पुस्तकात असं होतं, की बाकीच्या दाव्यांना फारसा आधार नाही. काशीनं तेही वाचलं. पण तोवर अण्णा सुपं शोधायला उठले होते.

पुढच्या आठवड्यात घर बदललं. माडीवर चटया पसरून पानं वाळत पडली. चंद्री भारे आणून टाकू लागली, हाताला फडकं गुंडाळून. "आमी ह्यो बांदाला लावताव," ती काशीला म्हणाली, "ढोरां शेतात घुसू नय म्हून. मानसां खातान त्यां पैल्यांदाच बघतंय." अण्णा पानं कुटत, वर्तमानपत्राच्या पुड्या बांधत आणि ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. पुडी फुकट होती. तरीही घेणारा मिळेना. गोजरबाईंनी कारण सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना उमगलं.

ती संध्याकाळ अण्णांनी विचारात काढली. सकाळी ओट्यावर उभं राहून त्यांनी हाक दिली, "अहो गोजरबाई! काल सांगायचं राहिलंच. वांगं बंद."

समोरच्या दारातून डोकं बाहेर आलं. "आन्?"

"आणि..." अण्णांची नजर गोजरबाईंच्या मांडवावर गेली. "लाल भोपळा."

"आता कसं बोललात!" गोजरबाई लगबगीनं आल्या. एक पुडी स्वतःला घेतली, एक जावेला. वर ताज्या पानांचे फटकेही त्यांनी गुडघ्यांवर मारून घेतले आणि अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या बेलवलीतली कुत्री जागी झाली. पण दोन दिवसांनी त्या विहिरीवरून न थांबता पाणी घेऊन आल्या, हेही सगळ्यांनी पाहिलं.

"अण्णा," काशीनं त्या दिवशी जेवताना विचारलं, "वांग्याचा आणि आग्याचा काय संबंध?"

"नसेल संबंध. पण वांगं सोडल्यानं कुणाचं वाईट झालेलं ऐकलंयस?"

अण्णांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीचा पाया हाच.

चामटोलीहून हिंदुराव आले. गावात वजन असलेला, मिशीवाला माणूस. पाठ धरली होती. अण्णांनी पुडी दिली, वांगं-भोपळा सांगितला. हिंदुरावांचा चेहरा पडला. "ते तर आमच्या गोजरमावशीला पण सांगितलंत."

अण्णांना चूक कळली. मोठ्या माणसाला बारीक पथ्य देणं म्हणजे त्याचा पाणउतारा. त्यांनी डोळे मिटले, हिंदुरावांची नाडी धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "सुके बोंबील."

"बोंबील?"

"बोंबील."

हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पुडी दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

मग धरबंध राहिला नाही. हेंद्रेपाड्याच्या बनूबाई दम्यासाठी बैलगाडी जुंपून आल्या, त्यांना चहा बंद करावा लागला; त्याहून हलकं चाललंच नसतं. कुणाला दही, कुणाला गूळ, कुणाला डाव्या कुशीवर झोपणं. बाजारात माणसं एकमेकांना विचारू लागली, "तुला काय बंद केलंय?" चहा बंद असलेला मान वर करून सांगे. नुसतं वांगं बंद असलेला विषय बदले. आग्या आता गुडघ्यांवर थांबला नव्हता. खोकला, मूळव्याध, गळणारे केस, न होणारी मुलं आणि झालेल्या मुलांचा हट्ट, सगळ्यांवर तो चालू झाला. बरं वाटलं तर आग्याचा गुण. नाही वाटलं तर अण्णा फक्त विचारत, "पथ्य मोडलं होतं का?" आणि असा माणूस सबंध तालुक्यात नव्हता, ज्याला पंधरवड्यात एखादं तरी वांगं आठवणार नाही.

चंद्रीला मात्र कुणी पथ्य सांगितलं नाही. एकदा तिनंच छेडलं, "अण्णा, माला काय बंद करताव? खायाला मिळाया लागलं का सांगा, मंग बंद करू." अण्णा पुड्या मोजत असल्याचं दाखवत राहिले.

रघु नावाचा एक तरुण हमाल होता. त्याच्या छातीत क्षयाचा दोष निघाला होता आणि दर आठवड्याला तो सरकारी दवाखान्यात सुई टोचून घेई. त्यानं पुडी घेताना सहज विचारलं, "सुई चालंल ना, अण्णा?"

ओटा भरलेला होता. उघड्या दारातून अण्णांची नजर आत गेली. आत भिंतीवर आईचा फोटो होता. काशीनं ते पाहिलं आणि पुढचं वाक्य तिला आधीच ऐकू आलं.

"सुई नाही. गोळी नाही. डॉक्टरचं काही नाही. पथ्य म्हणजे पथ्य."

लोकांच्या अंगावर काटा आला. इतकं कडक पथ्य या भागात कुणीच दिलं नव्हतं. काशी वळणापर्यंत रघुच्या मागे गेली आणि सुई सोडू नकोस म्हणून तिनं त्याला बजावलं. "आन् मग पथ्य मोडंल ना, ताई," तो म्हणाला, जणू तीच त्याच्या जिवावर उठली होती.

दिवाळी झाली आणि अण्णांच्या पायांत जोडे जाईनात.

त्यांनी दोष जोड्यांना दिला. मग ओट्याच्या पायऱ्या चढताना ते मधेच थांबून रस्त्याकडे पाहू लागले, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. काशी या सबबी ओळखत होती. आईही मधेच थांबून आकाशाकडे पाही. एका सकाळी तिनं न विचारता त्यांच्या पायाच्या घोट्यापाशी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"आग्याचा काढा वाढवतो," अण्णा म्हणाले.

वाढवला. दोन दिवस लघवी मोकळी झाली, सूज किंचित उतरली. "बघ!" ते विजयानं म्हणाले. तिसऱ्या दिवशी सूज गुडघ्यांपर्यंत आली.

"डॉक्टरांकडे जाऊ या, अण्णा."

"आणि लोकांना काय सांगू? ज्यानं अख्ख्या बदलापुराला डॉक्टर बंद केला, तोच सिंध्याच्या बराकीत जाऊन बसला म्हणून? ती गोजरबाई दिवसभर दारात असते ते कशासाठी? माझ्यावर पाळत आहे तिची. कालच विचारत होती, अण्णा, तुम्ही सोता पाळता ना?"

"लोकांना चहा बंद करून तुम्ही दार लावून पिता, ते?"

अण्णा चपापले, पण क्षणभरच. "चहा ही माझी खोड आहे, काशी. खोड लपवून केली तरी माणूस खोडकरच ठरतो. लपवून गोळी घेतली तर मी लबाड ठरेन."

इतकं बोलून त्यांना धाप लागली. काशीच्या मनात आलं, की हा माणूस आपल्याच हातांनी बांधलेल्या पुडीत अडकून मरणार आहे. लोक विचारतील, पथ्य मोडलं होतं का? आणि आपण काय सांगू? नाही हो. पाळलं. शेवटपर्यंत पाळलं.

शनिवारी शाळा सकाळची होती. ती सुटल्यावर काशी घरी न जाता उल्हासनगरला गेली.

गोणपाटाचा पडदा जाऊन आता हिरवा कापडी पडदा आला होता. डॉक्टर हिंगोरानींनी तिला ओळखलं. "तुम्ही त्या माईंची बेटी. बदलापूर." मग जरा थांबून, "त्या गेल्या ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. गोळी तर बराबर होती. त्या गोळीनं पुष्कळ लोक वर्षं काढतात. समजलं नाही मला."

"तिनं घेतली नव्हती," काशी म्हणाली.

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. "क्यों?"

"तुम्ही पथ्य दिलं नव्हतं."

थट्टा नाही हे कळायला डॉक्टरांना वेळ लागला. "पण मी बोललो होतो. नमक कम."

"हळू बोललात."

बाहेर बाकावरचं एक मूल रडत होतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. काशीनं मग अण्णांची सगळी हकिकत सांगितली. आग्याचं नाव निघताच डॉक्टर म्हणाले, "बिच्छू बूटी! आमच्या हकीमांकडे असायची. बुरी चीज नाही. जोडांच्या दर्दाला लावा, पेशाबही थोडा आणते. पण दिल थकलं असेल तर ती काय करणार? नाव बुडतंय, आणि ती वाटीनं पाणी काढते."

"हे सगळं अण्णांना सांगून उपयोग नाही. तुम्ही उद्या घरी या. ओट्यावर लोक असतील. सगळ्यांसमोर पथ्य द्या. कमी म्हणू नका, बंद म्हणा. आणि मोठ्यानं."

"बहेन, मी डॉक्टर आहे. तमाशावाला नाही. झूठं पथ्य कसं देऊ?"

"मीठ बंद करणं खोटं आहे?"

"नाही. या बीमारीत तर बिलकुल सच."

"मग तेच सांगा. फक्त ओरडून."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "आणि गोळी? डॉक्टरची गोळी त्यांनीच बंद केलीय म्हणता."

याचं उत्तर डॉक्टरांनीच शोधलं. कपाटातून एक बाटली काढून त्यांनी हिरवट तपकिरी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. "वास घ्या." काशीनं घेतला. वाळल्या पाल्याचा वास होता. "डिजिटॅलिस. हे पानच आहे. वाळवलेलं, कुटलेलं पान. तुमचे वडील करतात तेच, फक्त मोजून."

आईची गोळीही हीच होती का, हे काशीनं विचारलं नाही.

रविवारी ओटा भरला होता. गोजरबाई, हिंदुराव, बनूबाई, कोपऱ्यात खोकणारा रघु आणि आणखी पाचसहाजण. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. पाय धोतराखाली झाकलेले. डॉक्टर काळी पेटी घेऊन फाटकातून आले तेव्हा बोलणं बंद पडलं.

"कुणी बोलावलं यांना?" अण्णांनी विचारलं.

"मी," काशी म्हणाली.

"काहीही खा म्हणून सांगायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. एकदा ऐकलंय ते."

डॉक्टर पायरीवर उभे होते. मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी घसा साफ केला, काशीकडे एकदा पाहिलं आणि असे काही ओरडले की स्वतःच दचकले. "नमक बंद!"

मग ते बोटांवर मोजू लागले.

"आमटीत नाही, भातात नाही, भाजीत नाही! लोणचं बंद! पापड बंद! सुकी मच्छी बंद! पायऱ्या चढणं बंद! दिवसभर बसून बडबड करणं बंद, बिछान्यात पडायचं!"

"मीठ?" गोजरबाईंचा हात गालाला गेला. "अगो बाय. सगळंच मीठ?"

"सगळंच."

हिंदुरावांनी सुस्कारा सोडला. "ह्याला म्हणतात पथ्य." बोंबील सोडल्याचा त्यांचा तोरा एका क्षणात उतरला होता.

अण्णांच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण त्यांनी मान किंचित पुढे केली होती. हजेरी घेताना एखादा कामगार पहिल्यांदाच वेळेवर दिसावा, तसं ते डॉक्टरांकडे पाहू लागले. "आणि औषध? गोळी मी घेत नाही. ते माझं पथ्य आहे."

डॉक्टरांनी गोळी पुढे केली. अण्णांनी ती नखानं फोडली, हुंगली, जिभेला लावली. पाल्याच्या पुड्या बांधून आता त्यांचं नाक तयार झालं होतं. "पान आहे," ते म्हणाले.

"पान आहे. काश्मीरकडे लावतात. घंटीसारखी फुलं येतात."

"म्हणजे आग्यासारखंच."

"नाही!" या वेळी डॉक्टरांना ओरडायचा प्रयत्न करावा लागला नाही. "आग्या एक मूठ जास्त घेतला तर पोट बिघडेल. हे जास्त घेतलं तर दिल बंद पडेल. झाडाचं आहे म्हणून गरीब समजू नका. आणि हे चालू असताना तो आग्या बंद. दोघंही पेशाब आणणार, मग मला कळणार नाही की कोण काय करतंय. एक घ्यायचं. हे नाही तर ते."

मीठ सोडणं वेगळं आणि हे वेगळं. अण्णांनी इतक्या माणसांना हातानं पुड्या दिल्या होत्या, त्या सगळ्यांच्या देखत आग्या सोडायचा होता. त्यांनी धोतराखालचा पाय हलवला. तो त्यांना दोन हातांनी उचलून हलवावा लागला, आणि ते सगळ्यांना दिसलं.

काशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला खूप बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, मला पुन्हा एकटीनं सगळं आवरायला लावू नका."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फुटलेल्या गोळीचे दोन्ही तुकडे तोंडात टाकले आणि पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "ऐका. आग्या गुडघ्याला चांगला आहे. गोजरबाई, तुम्ही सोडू नका. लघवीला थोडाफार. त्याच्या पलीकडे मी जे सांगितलं ते..." त्यांना धाप लागली. "ते मी आपलं मनचं सांगितलं. आणि डॉक्टर बंद, हे पथ्य मी मागं घेतो. ते मी रागानं दिलं होतं. रघु, उद्या सुईला जा."

यावर मात्र गलका झाला. "पथ्य मागं कसं घेता येईल?" बनूबाईंनी विचारलं. "दिलेलं पथ्य सुटतं, मागं घेत नाहीत."

"मग सुटलं म्हणा," अण्णा वैतागून म्हणाले.

"उद्यापन करायला लागंल," गोजरबाई म्हणाल्या, आणि दोघीतिघींनी माना डोलावल्या. रघु उठून उभा राहिला. "मी सुई घेऊन येतो, मग करा काय ते," असं म्हणून तो खोकत निघून गेला. सुई दुसऱ्या दिवशीची होती, पण त्याला कुणी थांबवलं नाही.

डॉक्टर पेटी आवरू लागले, तेव्हा हिंदुरावांनी त्यांना गाठलं. "साहेब, जरा मला पण बघा ना. पाठ आहे."

डॉक्टरांनी उभ्याउभ्या पाठ दाबून पाहिली. "कमर आखडलीय. शेक द्या, दोन दिवस आराम करा."

"आन् मीठ?"

"नमक खावा ना. तुम्हाला काही नाही झालं."

हिंदुरावांचा चेहरा काळवंडला. एवढ्या माणसांसमोर कुणी आपल्याला मीठ खायला सांगावं! डॉक्टर फाटकाबाहेर पडेपर्यंत ते मागे मागे जात राहिले. "निदान आठवड्यातून दोनदा तरी बंद करा, साहेब." बनूबाईंनी तर तिथंच बैलगाडी उल्हासनगरला न्यायचा बेत केला. जिथं मीठ बंद होतं, तिथं चहा बंद असलेल्या माणसानं थांबण्यात काय अर्थ होता?

दुपारी काशीनं अण्णांचं पान बिछान्यापाशीच वाढलं. भात, आमटी, दुध्याची भाजी. कशातच मीठ नव्हतं. स्वतःसाठी वेगळं करायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिनं केलं नाही. तेच घेऊन ती त्यांच्यासमोर बसली.

अण्णांनी पहिला घास घेतला आणि चघळत राहिले. गिळायला त्यांना वेळ लागला.

"तुझ्या आईनं पाळलं असतं हे," ते म्हणाले. "कुणी सांगितलं असतं तर. ती सगळं पाळायची."

काशीनं मान डोलावली. बाहेर गोजरबाई कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या, की अण्णांचं मीठ बंद झालं, सगळंच, कणभरसुद्धा नाही.

"आमटी कशी झालीय?" काशीनं विचारलं.

"फार वाईट," अण्णा म्हणाले आणि पान पुढे केलं. "थोडी अजून वाढ."